नागसेनवनातून नळदुर्गकडे : विद्यापीठाचे प्रांगण आणि बौद्ध कलेचे दर्शन

नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात जी गर्दी लोटते ती पाणीमहाल पाहण्यासाठी. बोरी नदीवर घातलेल्या बांधाच्या पोटातच हा महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, मीर इमादीन याने तो बांधला. बांध भरून वाहू लागला की लोक ज्यांना 'नर' आणि 'मादी' म्हणतात त्या सांडव्यांवरून पाणी खाली कोसळते, आणि आत उभा राहिलेला मनुष्य अंगावर थेंबही न पडता तो जलपट डोळ्यांसमोर पाहतो. शाळेची मुले, यात्रेकरू, शेतकरी कुटुंबे, सोलापूर-हैदराबाद मार्गावरून जाणारे प्रवासी अशी सर्व मंडळी एकाच सज्जात उभी असतात. आपण एक कलाकृती पाहत आहोत असे त्यांतील फार थोडे म्हणतील. तरीही ते कलेचेच दर्शन होय. ते त्यांना घडते याचे पहिले कारण अगदी साधे आहे : तेथवर जाण्यास त्यांना आज कोणी अडवीत नाही.

कलेच्या इतिहासाचे ग्रंथ शैली, कालखंड आणि राजाश्रय यांची चर्चा विस्ताराने करतात. चित्रासमोर उभे राहण्याची मुभा कोणाला होती, हा प्रश्न मात्र त्यांत क्वचितच येतो. आम्हा बौद्धांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्या प्रांगणात भरणारी प्रदर्शने व होणारे कलाकार्यक्रम यांचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाच्या अंगाने करू इच्छितो. त्याचा आरंभ एका सहलीपासून करणे इष्ट होईल.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या काही सहकाऱ्यांनी त्यांच्यासमवेत प्रवासास जाण्याची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहावयाची असे ठरले. सुमारे तीस मंडळी नाशिकहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आली. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. नळदुर्गही त्याच राज्यात. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून ही मंडळी तेथे थांबली. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी किल्ल्याच्या दरवाजाबाहेरील हौदावर हातपाय धुतले. त्यावरून हौद बाटविला म्हणून ओरड झाली, जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला. अट ही की, किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही. ही हकीकत स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य तो इतर धर्मीयांच्या दृष्टीनेही अस्पृश्यच राहतो, हे दाखविण्यासाठी त्यांनी ती सांगितली, आणि सामान्यतः ती याच संदर्भात उद्धृत होते. आम्हास तिच्यातील दुसरी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते. ही मंडळी निघाली होती ती बुद्धाची लेणी पाहण्यास. आपल्याच पूर्वजांच्या धम्माची शिल्पे पाहण्याच्या वाटेवर त्यांना शिपायाच्या पहाऱ्यात चालावे लागले.

याच औरंगाबादेत, या प्रसंगानंतर सोळा वर्षांनी, १९५० च्या जूनमध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे महाविद्यालयास 'मिलिंद' आणि परिसरास 'नागसेनवन' ही नावे मिळाली. मराठवाड्यात तोपर्यंत उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी हे स्थळ निवडले गेले, त्याची शैक्षणिक व आर्थिक कारणे अनेकांनी सांगितली आहेत. त्यांत आणखी एका वस्तुस्थितीची भर घालावी असे आम्हास वाटते. नागसेनवनाच्या उत्तरेस जे डोंगर दिसतात त्यांतच औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. वेरूळ पाहण्यासाठी मोटारीने जाणाऱ्या तीस जणांच्या जागी आता शेकडो विद्यार्थी असे होते की, ज्यांना सुटीच्या दिवशी पायी चालत जाऊन बुद्धमूर्तीसमोर बसता येत होते.

ही लेणी अजिंठा-वेरूळच्या मानाने उपेक्षित राहिली, हे खरे आहे. त्यांतील चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह प्राचीन, हीनयान काळातील आहे. बहुतेक अन्य लेणी इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमाराची आहेत. तिसऱ्या लेण्यात सुतसोम जातकाचा पट कोरलेला आहे. परंतु त्या लेण्यात जाणाऱ्याचे पाय खिळवून ठेवतात ते गर्भगृहातील उपासक. धर्मोपदेशकाच्या मुद्रेतील भव्य बुद्धमूर्तीसमोर, अंधारात, दोन्ही बाजूंस स्त्रीपुरुषांचे समूह गुडघे टेकून बसले आहेत. ते जवळजवळ मनुष्याकृती आहेत. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, केशरचना वेगळी. कोणाच्या हाती फुलांची माळ आहे, कोणाचे हात जोडलेले आहेत. मूर्तीकडे पाहणारा मनुष्य हाच येथे शिल्पाचा विषय झाला आहे. हे उपासक देवही नव्हेत आणि बोधिसत्त्वही नव्हेत. ते दर्शनास आलेले लोक आहेत. शिल्पकाराने त्यांना दाराबाहेर ठेवले नाही, गर्भगृहाच्या आत आणून बसविले. ज्या धर्मव्यवस्थेत पुढे गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा अधिकार जन्मावरून ठरू लागला, तिच्याशी हे दृश्य ताडून पाहावे.

सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या भोवती आठ भये कोरली आहेत : आग, चोर, बुडणारे जहाज, हत्ती आणि इतर. व्यापारी मार्गावरून येणाऱ्या सामान्य प्रवाशाची भीती शिल्पकाराला ठाऊक होती. आत गर्भगृहाच्या भिंतीवर एक नर्तिका आणि तिच्या दोन्ही बाजूंस वाद्ये वाजविणाऱ्या सहा स्त्रिया आहेत. नृत्य आणि संगीत यांस बौद्ध धम्मात स्थान नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे शिल्प एकदा अवश्य पाहावे.

डोंगरावर हे वैभव असताना त्याचे दर्शन शिकणाऱ्या वर्गास कसे घडले, याचा इतिहास मात्र विचित्र आहे. अजिंठ्याच्या चित्रांचेच उदाहरण घेऊ. १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांच्या तुकडीतील जॉन स्मिथ याने ती लेणी बाहेरच्या जगाच्या नजरेस आणली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने कंपनी सरकारसाठी त्यांच्या मोठ्या तैलप्रतिकृती काढल्या. त्या लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या; १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व भस्मसात झाल्या. १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. तेरा वर्षांच्या या कामाचा मोठा भाग लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयास १८८५ मध्ये लागलेल्या आगीत गेला. विसाव्या शतकात अराई कम्पो प्रभृती जपानी चित्रकारांनी प्रतिकृती केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या, आणि १९२३ च्या भूकंपात त्याही नष्ट झाल्या. तीन वेळा नकला झाल्या आणि तिन्ही वेळा त्या हजारो कोसांवर नष्ट पावल्या. नष्ट झाल्या नसत्या तरीही, अजिंठ्याच्या पायथ्याच्या गावांतील मुलास त्या पाहावयास मिळाल्या असत्या, असे मानण्यास काही आधार नाही. चित्रे मराठवाड्याची आणि प्रेक्षक लंडनचा, अशी ती व्यवस्था होती.

या नकलांच्या इतिहासातून एक धागा मात्र विद्यापीठाच्या प्रांगणात येऊन पोहोचला. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्यात प्रतिकृतींचे काम केले. त्यांच्या साहाय्यकांत कलकत्त्याचे तरुण चित्रकार नंदलाल बसू होते. हेच नंदलाल पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. अजिंठ्याचा धडा त्यांनी कागदावर ठेवला नाही. विद्यार्थ्यांच्या हातांनी तो विद्यापीठाच्या भिंतींवर उतरविला. तेथील चीनभवनात १९४२ मध्ये त्यांनी 'नटीर पूजा' हे भित्तिचित्र रंगविले. राजाज्ञा मोडून स्तूपाची पूजा करणारी आणि त्यासाठी प्राण देणारी नर्तिका हा त्याचा विषय आहे.

त्याच प्रांगणात रामकिंकर बैज यांनी १९३५ मध्ये सुजातेचे शिल्प घडविले. सिमेंट आणि खडी यांचे हे उंच, सडपातळ शिल्प झाडांच्या रांगेत झाडासारखेच उभे आहे. प्रथम ती केवळ एका तरुणीची आकृती होती. तिच्या मस्तकावर पात्र ठेवावे असे नंदलालांनी सुचविले आणि ती तथागतास खीर घेऊन जाणारी सुजाता झाली, असे सांगतात. रामकिंकर हे बांकुड्याच्या नाभिक कुटुंबातून आलेले. संगमरवर आणि कांसे यांचा खर्च न परवडणाऱ्या या शिल्पकाराने घरबांधणीचे साहित्य वापरले आणि आपले शिल्प दालनात न ठेवता येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर उभे केले. त्याच्या समोरून विद्यार्थी जातो तसाच माळीही जातो. प्रदर्शनाचे उद्घाटन नाही, फीत नाही, तिकीट नाही. शांतिनिकेतनच्या बौद्ध कलेत रवींद्रनाथांच्या सौंदर्यदृष्टीचा वाटा मोठा आहे, सामाजिक विद्रोहाचा त्या मानाने अल्प, हे आम्ही जाणून आहोत. सुजाता कोणाची मुलगी होती आणि तिच्या हातची खीर स्वीकारणे म्हणजे काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारला असेल असे वाटत नाही. पण शिल्प उघड्यावर आणण्याचे काम त्यांनी केले, याचे श्रेय त्यांस दिले पाहिजे.

तो प्रश्न नागसेनवनात विचारला गेला, आणि तो रंगमंचावर विचारला गेला. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५५ मध्ये महाविद्यालयाच्या संमेलनात विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले. निरनिराळ्या युगांतून अस्पृश्यांच्या दुःखाचा प्रवास दाखविणारे हे नाटक पुढे १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी लक्षावधींच्या समुदायासमोर झाले. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील नाटके सामान्यतः तेथेच संपतात. प्राध्यापक हसतात, पालक टाळ्या वाजवितात आणि पुढच्या वर्षी नवे नाटक बसते. 'युगयात्रा' प्रांगणातून निघाली ती थेट दीक्षाभूमीवर गेली. महाविद्यालयीन कलाकार्यक्रम आणि जनतेचे आंदोलन यांच्यामध्ये जी भिंत असते ती या एका प्रयोगाने ओलांडली. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या नाटकापासून आरंभ करतात तो सकारण.

येथे एक नोंद करावी लागते. 'युगयात्रे'च्या आधी वीस-पंचवीस वर्षे भीमराव कर्डक आदींचे आंबेडकरी जलसे गावोगाव हेच काम करीत होते. त्यांना प्रांगण नव्हते, पडदा नव्हता. चावडीपुढचे अंगण हाच रंगमंच. १९४१ च्या फेब्रुवारीत आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदार परिषद भरली. ज्या समाजाने अशा परिषदा भरविल्या त्याच समाजाच्या मुलांनी पुढे मिलिंदच्या रंगमंचावर पाऊल ठेवले. महाविद्यालयाने कला जन्मास घातली असे नव्हे. जलशातील कलेला महाविद्यालयाने छप्पर दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्याचे प्रांगण नागसेनवनाला लागून, लेण्यांच्या पायथ्याशी विस्तारले. विद्यापीठाच्या इतिहास विभागाने पैठण आदी स्थळांच्या उत्खननातील वस्तू आणि शिल्पे एकत्र करून स्वतःचे संग्रहालय उभारले. रमेश शंकर गुप्ते यांनी बा. द. महाजन यांच्यासमवेत अजिंठा, वेरूळ आणि औरंगाबाद लेण्यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. औरंगाबाद लेण्यांस अन्य दोघींच्या बरोबरीने स्थान देणारा तो महत्त्वाचा प्रयत्न होय. प्रांगणालगतच्या सोनेरी महालात पुढे शासनाचे वस्तुसंग्रहालय झाले आणि वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे कार्यक्रमही तेथे झाले. या महोत्सवाविषयी आमचे मत मिश्र आहे. मोठे कलावंत आले, त्यांची कला शहरास पाहावयास मिळाली, हे चांगलेच. परंतु ज्या लेण्यांचे नाव महोत्सवास दिले ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या विचाराने कोरली, याचा उच्चार त्या व्यासपीठावर पुरेसा झाला असे आम्हास म्हणवत नाही. सातव्या लेण्यातील नर्तिका पाठीमागच्याच डोंगरात आहे. तिची ओळख करून देण्यास वेगळा खर्च लागला नसता.

विद्यापीठाच्या प्रांगणातील सर्वांत मोठा लोककार्यक्रम मात्र कोणा कलाविभागाने योजलेला नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे गुदरले ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. पोचीराम कांबळे यांच्यापासून गौतम वाघमारे यांच्यापर्यंत अनेकांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी जनसागर लोटतो. पुस्तकांची दुकाने लागतात. मूर्ती, तसबिरी, दिनदर्शिका मांडल्या जातात. भीमगीतांचे फड रंगतात. आयुष्यात कधीही कलादालनात न गेलेली वृद्ध माता त्या दिवशी तासन्‌तास उभी राहून बुद्धाच्या दहा तसबिरींतून एक निवडते. मुखावरील शांती, डोळे, चीवराचा रंग यांविषयी ती दुकानदाराशी वाद घालते. यास कलेची पारख म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? ज्या द्वारावरील नावासाठी माणसे मेली ते द्वारच तिच्या लेखी सर्वांत मोठे शिल्प आहे.

मिलिंद राजास भदंत नागसेनांनी विचारलेला प्रश्न येथे आठवतो. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? तद्वत, विद्यापीठ म्हणजे इमारत काय, ग्रंथालय काय, की हे प्रवेशद्वार, असे विचारता येईल. विद्वानांनी उत्तर द्यावे. त्या मातेने आपले उत्तर दिलेले आहे.

परंतु या तसबिरींच्या आणि महाविद्यालयांतून भरणाऱ्या बुद्धचरित्रविषयक चित्रप्रदर्शनांच्या बाबतीत एक गंभीर प्रश्न आमच्यापुढे आहे, आणि त्याची चर्चा आपल्यात व्हावी तितकी झालेली नाही. या प्रदर्शनांत एक चित्र हटकून असते : रथात बसलेला राजपुत्र सिद्धार्थ आणि त्याच्यासमोर वृद्ध, रुग्ण, प्रेत आणि संन्यासी. जावा बेटावरील बोरोबुदूरच्या शिल्पपटांपासून आजच्या दिनदर्शिकांपर्यंत ही परंपरा अखंड चालत आली आहे. बाबासाहेबांनी हीच कथा नाकारली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात जे चार प्रश्न उपस्थित केले आहेत त्यांतील पहिलाच परिव्रज्येविषयी आहे. एकोणतीस वर्षांच्या मनुष्याने तोपर्यंत म्हातारा, आजारी आणि मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे बुद्धीस पटणारे नाही, असा त्यांचा आक्षेप. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थाचा गृहत्याग रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादातून घडतो. शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ त्यास विरोध करतो, बहुमत विरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या स्वीकारतो. पाली अट्ठकथांत रोहिणीचा कलह आहे, परंतु तेथे तो तथागताच्या बुद्धत्वप्राप्तीनंतर येतो आणि तथागत तो शमवितात. बाबासाहेबांनी त्यास चरित्राच्या केंद्रस्थानी आणले. मुंबईतील परळच्या वस्तीत राहिलेल्या, महाडच्या तळ्यावर सत्याग्रह केलेल्या आणि दौलताबादच्या हौदावर शिव्या ऐकलेल्या पुरुषाने हे करावे, यात आम्हास आश्चर्य वाटत नाही.

आता अडचण अशी की, चार दृश्यांची चित्रे हवी तितकी मिळतात, रोहिणीच्या तीरावरील सभेचे चित्र मात्र शोधूनही मिळत नाही. आपल्या उत्सवांत भाषण बाबासाहेबांच्या ग्रंथावर होते आणि मागे टांगलेले चित्र त्या ग्रंथाने नाकारलेल्या कथेचे असते. श्रोता घरी जाताना भाषण विसरतो. चित्र त्याच्या मनात राहते. एका महाविद्यालयात आम्ही स्वतः अशा प्रदर्शनाच्या उद्घाटनास उपस्थित होतो. दीपप्रज्वलन, हार, छायाचित्रे यथासांग झाली. दुसऱ्या दिवशी काही मित्रांस घेऊन पुन्हा गेलो तेव्हा दालनास कुलूप होते. प्रदर्शन संपले होते. ते ज्यांच्यासाठी होते त्यांनी ते पाहिलेच नव्हते.

जुनी चित्रे काढून टाकावीत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बोरोबुदूरचे शिल्पकार आमचेच आहेत, आणि त्यांनी ज्या कथेवर श्रद्धा ठेवली ती कथा इतिहासाचा भाग आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्या चित्राशेजारी दुसरे चित्र लागले पाहिजे, आणि दोहोंमध्ये बाबासाहेबांचा प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला पाहिजे. पाहणाऱ्याने थांबून विचार करावा, निवड करावी. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश चित्रांस लागू होत नाही, असे मानण्याचे कारण नाही. नव्या चित्रकारांस हे अशक्य नाही. नागपूरहून बडोद्याच्या विद्यापीठात शिकण्यास गेलेल्या सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेस झाडू बांधलेला अस्पृश्य भारतीय चित्रकलेत आणून उभा केला. जो विषय कोणत्याही कलाशाळेच्या अभ्यासक्रमात नव्हता तो त्यांनी आपल्या स्मृतीतून घेतला.

हे काम केवळ मोठ्या विद्यापीठाच्या मुख्य प्रांगणाने करावयाचे आहे असा समज होऊ नये. १९९४ मध्ये नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले. लातूर, परभणी, नांदेड हे जिल्हे तिकडे गेले. धाराशिव जिल्हा मात्र बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठातच राहिला, आणि २००४ मध्ये धाराशिव येथे विद्यापीठाचे उपकेंद्र स्थापन झाले. नळदुर्गचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. युवक महोत्सवांत या महाविद्यालयांची मुले भित्तिपत्रके, रांगोळी, माती-शिल्प, व्यंगचित्र यांच्या स्पर्धांत उतरतात. स्पर्धेचे विषय ऐन वेळी मिळतात, दोन-अडीच तासांत चित्र पुरे करावे लागते, पारितोषिके वाटली जातात. नंतर ती चित्रे कोठे जातात, याची चौकशी करावी.

या जिल्ह्यास सामग्रीची वाण नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' या वृत्तांतात त्याचा उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रमाचे गजपृष्ठाकार विटांचे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, हे मत हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. उत्खननात तेथे विटांच्या स्तूपाचे अवशेषही सापडले. पावसाने उघड्या पडलेल्या मृण्मूर्ती, मणी, नाणी तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जपल्या, आणि त्यांच्याच नावाने आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी जवळचे नाते सांगते. एका गावकऱ्याने, कोणतीही पदवी नसताना, जे केले ते अनेक विभागांस जमलेले नाही. धाराशिव शहराजवळची लेणी बर्जेस यांनी जैन ठरविली होती. मुळात ती बौद्ध असून नंतर जैनांकडे गेली, असे म. के. ढवळीकर यांनी साधार दाखविले. नळदुर्गहून ही दोन्ही स्थळे एका दिवसात पाहून परत येता येते. सहलीच्या मोटारी बहुधा तुळजापुरावरून पुढे जात नाहीत, हा भाग वेगळा.

आमची सूचना अशी आहे. नळदुर्गसारख्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांस कागद-पेन्सिल देऊन तेरला न्यावे आणि ती हस्तिदंती मूर्ती, ते विटांचे मंदिर स्वतःच्या हाताने रेखाटू द्यावे. तिसऱ्या लेण्यातील उपासकांची छायाचित्रे मोठी करून लावावीत. कसबे तडवळ्याच्या परिषदेच्या आठवणी ज्या घरांत सांगितल्या जातात तेथे जाऊन त्या लिहून घ्याव्यात आणि चित्रांखाली लावाव्यात. आणि रोहिणीचे चित्र या मुलांकडूनच काढून घ्यावे. पाण्याच्या टँकरपुढची रांग, आटलेली विहीर, बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन गावांत उठलेला तंटा, हे सर्व या दुष्काळी जिल्ह्यातील मुलास पुस्तकातून शिकावे लागत नाही. नदीच्या दोन तीरांवर शस्त्रे घेऊन उभे राहिलेले शेतकरी आणि सभेत एकटा उभा राहून 'नाही' म्हणणारा तरुण त्याला बोरीच्या काठावर बसून रंगविता येईल. प्रदर्शन मात्र श्रावण-भाद्रपदात भरवावे आणि दालन आठ-पंधरा दिवस, रविवारीही, उघडे ठेवावे. कारण पाणीमहाल पाहण्यास लोक येतात ते त्याच दिवसांत.